जिन्यातला खर्ज

अजूनही सकाळी दात घासताना आरशात बघते आणि मला धक्का बसतो. तू? सेनापती? जेमतेम पाच फुटांची, गळ्यात ऑफिसचं आयकार्ड अडकवून मेट्रोत उभी राहणारी तू? थांबा, पहिल्यापासून सांगते, नाहीतर नेहमीसारखी शेवट आधी सांगून टाकीन.

मी ऑपेरा गाते. निपाणीला गेल्यावर हे कुणाला सांगितलं की लोक आधी हसतात, मग हात पसरून आ वासून मलाच गाऊन दाखवतात. त्यातही माझा ऑपेरा जुना, तीन-चारशे वर्षांपूर्वीचा. त्यात भलामोठा ऑर्केस्ट्रा नसतो. थोडी तंतुवाद्यं असतात आणि हार्प्सिकॉर्ड असतं, म्हणजे पियानोचा पणजोबा, ज्याच्या तारांवर हातोडी पडत नाही, त्या नखाने खुडल्यासारख्या वाजतात. ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला सतारीची कुणी दूरची बहीण भेटल्यासारखं वाटलं होतं.

लहानपणी मी निपाणीत एका बाईंकडे ख्याल शिकले. नोकरीसाठी बेंगळुरूला आले, ऑफिसच्या ख्रिसमस कॉयरमध्ये, म्हणजे समूहगानात, मजा म्हणून उभी राहिले, आणि कॉयर बसवायला आलेल्या मिसनी मला बाजूला घेऊन विचारलं, शिकणार का. मी लगेच हो म्हणाले. मी सगळ्यालाच लगेच हो म्हणते.

मिस म्हणजे सत्तरी ओलांडलेल्या, मूळच्या मंगळूरकडच्या, शिवाजीनगरात स्कूटर दुरुस्तीच्या गॅरेजवर राहणाऱ्या. पूर्वी बेळगावच्या एका शाळेत संगीत शिकवायच्या, त्यामुळे मराठी येतं, पण त्यात कोंकणी मिसळते आणि जगात सगळ्यांना 'तू' असतं. आमच्या अण्णांनाही त्या पहिल्याच भेटीत "तू बस रे" म्हणाल्या होत्या आणि अण्णा निमूट बसले होते. (अण्णा म्हणजे माझे वडील. आमच्याकडे वडलांना अण्णा म्हणतात आणि इथे रिक्षावाल्यालाही, त्यामुळे रिक्षावाल्याशी मला भांडताच येत नाही.)

मिसनी मला सोप्रानो केलं. सोप्रानो म्हणजे बायकांचा सगळ्यात उंच आवाज, राजकन्या, देव्या, विरहिणी, सगळी मुख्य गाणी त्यांची. दर रविवारी खालच्या गॅरेजमध्ये पत्रा ठोकत असायचे आणि वर मी खिडकीपाशी उभी राहून त्या ठोकण्याच्याही वर जायचा प्रयत्न करायचे. जायचेही. पण वरचा सूर लागला की मानेची शीर टरारायची आणि घरी जाताना मेट्रोत मला कुणाशी बोलावंसं वाटायचं नाही. मिस म्हणायच्या, होईल हळूहळू.

त्यांनी एक गोष्ट मात्र पहिल्याच महिन्यात बंद केली. खर्ज. निपाणीच्या बाईंनी आम्हाला सवय लावली होती की उठल्यावर कुणाशी बोलायच्या आधी सगळ्यात खालचा सा लावून बसायचं, नुसता तोच, श्वास संपेपर्यंत, मग परत तोच. मिस म्हणाल्या, ते खाली जाऊ नको, गळा जड होतो तुझा. मी सरी, म्हणजे बरं, म्हणाले. आणि दुसऱ्या दिवशीपासून खर्ज गच्चीवर नेला. के. आर. पुरमला आमची बिल्डिंग रेल्वेच्या जवळ, पहाटे मालगाड्या भोंगे वाजवत जातात, त्यात माझा आवाज कुणाला ऐकू येणार? माझ्या नागपूरच्या फ्लॅटमेटला यायचा. ती म्हणायची, तुझी मालगाडी आज लेट आहे का बे?

आता मुद्द्याचं. जुना ऑपेरा गाणाऱ्या नव्या लोकांसाठी एका छोट्या ट्रस्टने मेन्टॉरिंग जाहीर केलं. परदेशातली एक नावाजलेली गायिका वर्षभर ऑनलाइन शिकवणार, उन्हाळ्यात तिकडच्या वर्कशॉपला जायची पूर्ण स्कॉलरशिप, आणि वर्षाच्या शेवटी इथेच बेंगळुरूत एका ऑपेरात रोल. जागा एकच. आणि वयाची अट अशी की मला हेच वर्ष होतं, पुढच्या वर्षी मी बाद. या देशात या गाण्यासाठी असं काही रोज निघत नाही. म्हणजे हे गेलं की मी आयुष्यभर ऑफिसच्या ख्रिसमसला गाणार, एवढं सरळ होतं ते.

ऑडिशन जयनगरच्या एका शाळेच्या हॉलमध्ये होती. मिस माझ्याबरोबर आल्या, इस्त्रीची साडी, स्टीलची पाण्याची बाटली, पर्समध्ये माझ्यासाठी खडीसाखर. गोव्याचे, चेन्नईचे, मिझोरामचे, कुठून कुठून गायक आलेले. माझ्या आधी एक मिझो मुलगी गायली. मी दाराबाहेरून ऐकत होते. ती वर गेली, आणखी वर गेली, आणि वर जाऊन तिथे अशी निवांत फिरली जशी मी आमच्या गल्लीत फिरते. ती सोप्रानो होती. मग मी कोण होते?

मला काही सुचेना, म्हणून मी जे लहानपणापासून घाबरल्यावर करते तेच केलं. मागच्या जिन्यात गेले, पायरीवर मांडी घालून बसले, तोंडापुढे ओढणी धरली आणि खर्ज लावला. जिना दगडी, उंच छताचा, आवाज असा घुमला की मलाच बरं वाटायला लागलं. खालून वॉचमन अण्णा डोकावून म्हणाले, "स्वल्प मेल्लगे, अम्मा." जरा हळू. मी हळू केलं, पण थांबवलं नाही.

मग माझं नाव आलं. मी राजकन्येचं गाणं गायले. मधला भाग बरा गेला. शेवटचा वरचा सूर तडकला. असा तडकला की हार्प्सिकॉर्ड वाजवणाऱ्या दादाने मान खाली घातली. मिस मागच्या खुर्चीत बाटलीचं झाकण घट्ट करत होत्या, जे आधीच घट्ट होतं.

मेन्टॉर बाई, म्हणजे ती परदेशातली गायिका, ऑडिशनसाठी स्वतः आल्या होत्या, त्या काही लिहीत नव्हत्या. त्यांनी विचारलं, मघाशी जिन्यात कोण गात होतं.

मला वाटलं, तक्रार आली. आधीच सूर तडकलेला, त्यात आता हे. मी म्हणाले, सॉरी, मीच होते, परत नाही करणार.

"परत करायचंय," त्या म्हणाल्या. "इथे. आत्ता. तशीच बसून."

मी मिसकडे बघितलंच नाही. बघायची हिंमत नव्हती. स्टेजवर, सगळ्यांसमोर, ऑडिशनच्या काळ्या ड्रेसमध्ये मी मांडी घातली आणि खर्ज लावला. मग त्यांनी मला उभं केलं, हार्प्सिकॉर्डवाल्या दादाला तेच राजकन्येचं गाणं बरंच खाली उतरवून वाजवायला सांगितलं आणि मला म्हणाल्या, गा. आता आमच्याकडे सा बदलणं म्हणजे काय, तंबोरा नव्याने लावायचा आणि सुरू करायचं, ते मला अवघड नव्हतंच. मी गायले. आणि खरं सांगते, अर्ध्यावर माझं मलाच कळेना की हा आवाज कुठून येतोय. मान दुखत नव्हती. शीर नाही, काही नाही. हॉलच्या मागच्या भिंतीवर जाऊन माझा आवाज परत माझ्याकडे येत होता, आणि तो मोठा होता. मी एवढी मोठी नाहीये.

गाणं संपलं. मेन्टॉर बाई ट्रस्टच्या माणसांकडे वळून अगदी साधेपणाने म्हणाल्या, चहात साखर कमी आहे म्हणावं तसं: "ही सोप्रानो नाहीये. कधीच नव्हती."

तीन वर्षं मी जे होते ते मी कधीच नव्हते. मी स्टेजवर उभी, तोंड उघडं, आणि डोक्यात एकच, मिसनी ऐकलं.

पुढचं त्यांनी भराभर सांगितलं. अशा खोल आवाजाच्या बायका कमी मिळतात. त्या काळच्या ऑपेरात राजे, सेनापती यांचे रोल लहानपणीच खच्ची केलेल्या पुरुषांसाठी लिहिलेले असायचे, ज्यांचा आवाज न फुटता बायकांच्या खालच्या आवाजाएवढा राहायचा; तसे पुरुष आता नसतात, म्हणून ते रोल बरेचदा अशाच बायका गातात. जागा मला द्यायला त्या तयार होत्या, पण एका अटीवर. वर्षभर वरचं काहीही गायचं नाही, शिकलेलं सगळं बाजूला ठेवायचं, पायापासून सुरुवात. रोल सेनापतीचा. विचार कर आणि जेवणानंतर सांग.

मी आणि विचार! पण या वेळी माझ्या तोंडून हो बाहेर पडेना. मागे वळून बघितलं तर मिसची खुर्ची रिकामी होती.

आधी अण्णांना फोन लावला. सगळं एका श्वासात सांगितलं, खर्ज, सूर तडकला, सेनापती, दाढी लावतील कदाचित, मिस कुठे गेल्या माहीत नाही. मग अण्णा म्हणाले, "आज्जा सारी हयात नऊवारी नेसून नाटकात बाई झाला. आता तू बुवा हो. फिटंफाट."

आमचे आज्जा, म्हणजे आजोबा, निपाणीच्या नाटक मंडळीत बायकांची कामं करायचे, हे मला माहीत होतं, पण हे असं उलटं होऊन माझ्या अंगावर येईल असं कधी वाटलं नव्हतं. मी हसायला लागले आणि हसता हसता रडायलाच लागले. अण्णा म्हणाले, आधी तुझ्या मिसला शोध, त्यांचं काय म्हणणं आहे ते बघ.

मिस जिन्यात होत्या. मी बसले होते त्याच पायरीवर. मी खालच्या पायरीवर बसले आणि सांगून टाकलं की मला ही जागा नको, मी तुमच्याकडेच शिकेन, वरचा सूर आणखी घासते, तो लागेल. मी बोलतच होते. त्यांनी माझं मनगट धरलं तेव्हा थांबले.

"मला ठाऊक होतं, बाय," मिस म्हणाल्या.

मला आधी कळलंच नाही की काय ठाऊक होतं.

मग त्यांनी सांगितलं, तेही माझ्याकडे न बघता, वॉचमन अण्णांच्या खुर्चीकडे बघत. मिसचा स्वतःचा आवाज खालचा. लहानपणापासून चर्चच्या कॉयरमध्ये त्या मागच्या रांगेत. पुढे सोप्रानो, त्यांना गाणं, त्यांना फुलं, त्यांचे फोटो. मागे आल्टो, म्हणजे खालच्या आवाजाच्या बायका, ज्यांनी एकाच सुराच्या आसपास घुटमळत राहायचं म्हणजे पुढच्यांचं गाणं उठून दिसतं. सगळं आयुष्य त्यांनी दुसऱ्याच्या गाण्याखाली सतरंजी घातली, हे त्यांचेच शब्द. माझा आवाज त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखला होता. कॉयरमध्ये मला मागे उभं करायला त्यांचा हात धजला नाही.

"खालच्या आवाजाला इथे कोण विचारतं? मला वाटलं, हिला तरी पुढे उभी करते," मिस म्हणाल्या. "सेनापती बिनापती मला कोणी सांगितलंच नाही कधी."

मला राग यायला हवा होता का? तीन वर्षांची शीर, मेट्रोतले ते गप्प रविवार. थोडा आलाही. पण त्या इतक्या हादरल्या होत्या. सत्तर वर्षं ज्याला त्या सतरंजी समजत होत्या, त्यावर उभं राहून राजे गातात, हे त्यांना माझ्याबरोबर त्याच सकाळी कळत होतं. मी फक्त माझी तीन वर्षं मोजत बसले होते.

मिसनी पर्समधून खडीसाखर काढली, मला दिली, स्वतःही तोंडात टाकली. मग म्हणाल्या, जा आणि हो म्हण, आणि माझी लाज झाकायला नको म्हणालीस तर रविवारी दार उघडणार नाही. मी वर गेले आणि हो म्हणाले. एक अट मीही घातली. ऑनलाइन क्लास मी मिसच्या घरून करीन.

आता दर रविवारी तसंच चालतं. खाली पत्रा ठोकतायत, वर लॅपटॉप, समोर मेन्टॉर बाई. मी खिडकीपाशी उभी नसते, जमिनीवर चटईवर बसलेली असते, आणि क्लासची सुरुवात खर्जाने होते. मेन्टॉर बाईंनीच तसं ठरवलंय. मिस मागे खुर्चीवर वाटाणे सोलत बसतात, आपला काही संबंध नसल्यासारख्या.

गेल्या रविवारी मी खर्ज लावला आणि खाली गेले, आणि खाली गेल्यावर मला वाटलं की आज सूर काय भरदार लागलाय. मग लक्षात आलं की तो एकटीचा नव्हता. स्क्रीनवर मेन्टॉर बाईंनी हात वर करून मला थांबवलं. मी थांबले. सूर थांबला नाही. म्हातारा, थोडा हलणारा, पण माझ्याहूनही खोल. मी तीन वर्षं मिसकडे जात होते आणि त्यांना गाताना मी कधी ऐकलंच नव्हतं. त्या नेहमी पियानोवर बोटाने सूर दाखवायच्या.

स्क्रीनवरून प्रश्न आला, हे कोण गातंय?

मिस दचकल्या. मांडीवरचे वाटाणे खोलीभर गेले.

"सॉरी," त्या लॅपटॉपकडे बघून म्हणाल्या. "परत नाही करणार."