हिंगणघाटची एकच सागवानी फळी आणि माझा ठोकळा

हिंगणघाटला फिरायला कोण जातं, असं मला तिघांनी विचारलं. मी गेले, कारण ॲल्युमिनियमचा एक ठोकळा कुरिअरच्या हवाली करायचा मला धीर होईना.

ताईचे मिस्टर, आमचे भाऊजी, सूतगिरणीतून निवृत्त झाल्यावर घरच्या पडवीत लाकूड कोरणारं सीएनसी मशीन बांधत होते. त्यात मोटर एक लांब स्क्रू फिरवते, स्क्रूवरचा नट पुढंमागं सरकतो आणि त्या नटाला सरकत्या चौकटीशी बांधणारा ठोकळा म्हणजे माउंट. भाऊजींनी प्लायवुडचा केलेला माउंट दोनदा फुटला. पुण्यात मी हेच उद्योग करते, म्हणून मला फोन. बुद्धविहाराशेजारच्या नव्या वाचनालयाची पाटी आपलं मशीन कोरणार, असं भाऊजी गल्लीभर सांगून बसले होते. उद्घाटन रविवारी. फळी एकच, विहाराच्या जुन्या सागवानी दाराची. कोरताना मशीन मध्येच अडकलं तर फळी वाया आणि भाऊजींची अब्रूही.

पुण्याहून रात्रीच्या रेल्वेनं सकाळी वर्धा. गाडीत शेजारच्या आजींनी ठोकळा हातात घेऊन बघितला. "मिक्सरचा हाये का वं?" मी हो म्हटलं. पुढं जाणाऱ्यांनी स्टँडबाहेर तर्री पोहे खावेत, पण तर्री वेगळ्या वाटीत मागावी, नाहीतर डोळ्यांतून पाणी ठरलेलं. तिथून एसटीनं तासभर, बायकांना अर्धं तिकीट. थंडीत मात्र वेळ हाताशी ठेवा, कापसाच्या गाड्यांमागं बस रेंगाळते.

शुक्रवारी दुपारी ठोकळा बसवला. भोकं अगदी नेमक्या मापाची पाडली होती, त्याचा मला कोण अभिमान! चौकट मधे लोण्यासारखी सरकली आणि टोकाला गेली की कचकन अडली. भाऊजींनी पाना उचलला.

"काऊन ढिल्लं ठेवून राह्यली तू? कस ना!"

"कसलंय भाऊजी, अजून काय कसू?"

"मिलमध्ये जिंदगी गेली माही. ढिल्ल्या नटानं कोणाचं भलं झालं?"

शनिवारीही तेच. कसलं की अडायचं, सोडून पुन्हा कसलं की पुन्हा अडायचं. शेवटी सगळे बोल्ट सैल केले, तेवढ्यात ताईनं हाक मारली, "चहा थंडा होऊन राह्यला, या ना!" उठता उठता मी सहज हातानं स्क्रू फिरवला, तर चौकट या टोकापासून त्या टोकापर्यंत सुळकन गेली. स्क्रू केसभर तिरका होता आणि माझी नेमकी भोकं नटाला जबरदस्तीनं धरून ठेवत होती. चहा तसाच राहिला. स्क्रू सरळ केला, भोकं ड्रिलनं मोठी केली, चौकट मोटरच्या टोकाला नेली, नटाला त्याची जागा घेऊ दिली आणि मगच बोल्ट कसले. माउंट बनवणाऱ्यांनो, भोकांत थोडी मोकळीक ठेवा.

मग ती फळी लावली. कोरणी सुरू झाल्यावर भाऊजी बघवत नाही म्हणून अंगणात जाऊन उभे राहिले. मशीन अडलं नाही. भुसा फुंकला तशी अक्षरं दिसली: 'आत या. विचारायची गरज नाही.'

"हे कोणाला सुचलं?" मी विचारलं.

"मले," ताई म्हणाली. "आपले बाबा शाळेत होते तवा जातीपायी त्याईले लायब्ररीच्या आत येऊ देत नव्हते, पायरीवरच उभं ठेवत न. म्हणून."

मला रडू आलं. भाऊजी मात्र हसत आत आले आणि फळी डोक्यावर घेऊन थेट गल्लीत निघाले.

पुण्यात आल्यावर हात शिवशिवत होते. सागवानाचा एक तुकडा होता, त्यावर ताईचेच शब्द कोरून पाटी माझ्या फ्लॅटच्या दाराला लावली. समोरच्या काकू पाच वर्षं माझ्याशी उंबऱ्याबाहेरूनच बोलायच्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी पाटी वाचली, मग सरळ स्वयंपाकघरात येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "चहा टाक की गं."