पस्तीस मिनिटांचा थांबा

आमच्या गावाचं नाव मी लिहिणार नाही. परभणी आणि पूर्णेच्या मधे रेल्वे जी लहान स्टेशनं बांधून विसरून गेली त्यातलं एक, एवढं पुरे. नाव लिहिलं तर एका साहेबाला बंद केलेली फाइल पुन्हा उघडावी लागेल, आणि त्या साहेबाबद्दल माझं मत, माझ्या आजवरच्या सगळ्या पत्रकांच्या विरोधात जाऊन, चांगलं आहे.

आमची मागणी एका ओळीची होती. सकाळच्या एक्सप्रेसला आमच्या स्टेशनावर थांबा द्या. कॉलेजला जाणाऱ्या पोरी पॅसेंजरची वाट बघत उभ्या असतात, पॅसेंजर तिला वाटेल तेव्हा येते, आणि त्यांच्या नाकासमोरून एक्सप्रेस धूळ उडवत जाते. हे मी तीन पत्रकांत लिहिलं. पहिल्या पत्रकात ‘नम्र विनंती’ होती, दुसऱ्यात ‘तीव्र निषेध’, तिसऱ्यात मी शब्दकोश संपवला. उत्तर एकाही पत्रकाला आलं नाही.

थांबा मिळाला होता तो फक्त सरांच्या घरी.

सर म्हणजे आमच्या हायस्कूलचे चित्रकलेचे निवृत्त मास्तर. रेल्वेत त्यांनी एक दिवस नोकरी केलेली नाही. निवृत्त झाल्यावर माणसं यात्रेला जातात, सरांनी वरच्या खोलीत रेल्वे टाकली. प्लायवूडवर आमचं स्टेशन जसंच्या तसं, डबे उभे करायच्या यार्डासकट: पावडरच्या डब्याची पाण्याची टाकी, रंगवलेल्या भुशाचं गवत आणि भांडी घासायच्या हिरव्या घासणीची झाडं. सरांच्या घरच्या काकू म्हणायच्या, “घासणी सापडना झाली की समजायचं, रेल्वेच्या कडंला आनखी एक लिंब उगवला.” खेळण्यातली एक्सप्रेस गोल फिरून यायची, सर बटण दाबून ती फलाटाला थांबवायचे, बरोबर दोन मिनिटं, मग तोंडानं शिट्टी. खरी गाडी शेतापलीकडून न थांबता गेली की सर खिडकी लावून घेत.

त्या सगळ्या पसाऱ्यात माणूस एकही नव्हता. मी एकदा विचारलं, “सर, प्रवासी कुठंयत?”

“माणसानं प्रमाण बिघडतंय.”

“म्हंजे?”

“एवढ्या लहान मापात माणूस बसत न्हाई. नाक मोठं व्हतं, हात जाडा व्हतो. इंजिन कसं, बरोबर बसतं.”

मला याचा संताप यायचा. रेल्वे कुणासाठी? जनतेसाठी! आणि जनतेलाच बाहेर ठेवून हा माणूस डबे पुसतोय. पण थांब्यासाठी काढलेल्या समितीच्या बैठका आम्ही त्याच खोलीत घ्यायचो, कारण गावात बारा खुर्च्या फक्त सरांकडे होत्या. मी पत्रक लिहायचे आणि सर मधूनच ओरडायचे, “कप उचल! यार्डात ठेवलायस.”

शेवटी रेल रोको ठरला.

इथं माझ्या मैत्रिणीचं सांगायला पाहिजे, कारण पुढचा सगळा घोर तिचा होता. आम्ही दोघी पाच वर्षं त्याच फलाटावर उभ्या राहून शिकलो. तिचं नाव तलाठी भरतीच्या निवड यादीत आलं होतं. नेमणूक व्हायची बाकी होती आणि त्याआधी पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी. कुठल्या गुन्ह्यात नाव आलं की संपलं. ती म्हणाली, “मी न्हाई येत. माझा कागद आडकायचा.”

मी काय म्हणायला पाहिजे होतं? ठीक आहे, तू घरी बस. मी काय म्हणाले? “मागणी तुझ्या हातानं लिहिली, आन बसायच्या वक्ताला पाठ दाखवायलीस? तलाठी होयाच्या आधीच सरकारी झालीस की गं.”

ती आली. स्कार्फ बांधून आली, तर तो मी सोडायला लावला. ‘तोंड झाकून हक्क मागत नसतात,’ हे माझंच वाक्य, दुसऱ्या पत्रकातलं. तिच्यासाठी म्हणून मी एवढंच केलं की सगळ्यांचे फोन पिशव्यांत टाकायला लावले. कुणी फोटो काढायचा नाही, सक्त ताकीद.

कुठली गाडी अडवायची, हे सरांना विचारलं होतं. त्यांना वेळापत्रक तोंडपाठ. सर दोन दिवस विचार करून म्हणाले, “साडेदहाच्या सुमाराची धरा. त्या बाजूनं रूळ सरळ हाय, ड्रायव्हरला लांबून दिसतंय. कुणाला इजा न्हाई.” मला भरून आलं. म्हटलं, मास्तर अखेर जनतेच्या बाजूला आले.

आदल्या दिवशी स्टेशन मास्तरला ‘समस्त गावकरी’ एवढ्याच सहीचं निवेदन दिलं आणि दुसऱ्या दिवशी आम्ही चाळीसेक जण रुळावर बसलो. लाल झेंडा लांब धरला होता. गाडी दमानं आली आणि कण्हत कण्हत थांबली. आयुष्यात पहिल्यांदा एक एक्सप्रेस आमच्या फलाटाला उभी! घोषणा सुरू झाल्या. माझा आवाज अजून तापायचा होता, तेवढ्यात फलाटाच्या उतारावरून सर आले. लग्नाला घालतात तो सफारी, केसांना तेल, गळ्यात मोठा कॅमेरा. ते समितीत नव्हते, त्यामुळे माझी ताकीद त्यांना लागू नव्हती. निदान त्यांची तशी समजूत होती.

ते खडीवर गुडघे टेकून बसले आणि म्हणाले, “जरा डावीकडं सरका.”

“सर, आंदोलन चालूय.”

“चालू दे की. पर इंजिनाच्या तोंडाचं बफर झाकायलाव तुमी.”

आणि लोक सरकले! रेल्वेसाठी जे बोटभर हलायला तयार नव्हते ते चाळीस जण सरांच्या एका शब्दावर डावीकडे सरकले. सरांनी आमच्यातल्या निम्म्यांना शाळेत बाकावर उभं केलेलं, ती सवय जात नाही.

“तो झेंडा खाली घे रे. नंबर झाकायलाय.”

झेंडा खाली आला. इंजिनाच्या खिडकीतून ड्रायव्हर वाकला. मला वाटलं, आता शिव्या. तो म्हणाला, “चाचा, साइड से भी लो. उधर से अच्छा आता है.” मग सर तिकडून गेले. मग चाकांचे घेतले, पायऱ्यांचे घेतले, दोन डब्यांमधल्या जोडणीचे घेतले. ड्रायव्हरनं त्यांच्यासाठी एकदा काळा धूर काढून दाखवला. आमच्या घोषणा त्या धुरात खोकत होत्या.

मी उठून त्यांच्याकडे गेले. “सर, हे काय चाललंय?”

“महिन्याभरात ह्या तारांत वीज सोडणार. मग हे जुनं डिझेल इकडं कुठलं येतंय? भंगारात जातंय.” डोळा कॅमेऱ्यालाच. “आता ह्या एकाच गाडीला लागतंय ते.”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. सरळ रूळ, कुणाला इजा नाही, सगळं खरं. पण गाडी निवडली होती इंजिन बघून. मी तीन पत्रकं लिहून उभं केलेलं आंदोलन म्हणजे सरांच्या लेखी एका इंजिनाचा पस्तीस मिनिटांचा थांबा होता.

स्टेशन मास्तरनं निवेदनावर शिक्का मारला, आम्ही उठलो, गाडी गेली. परभणीहून पोलिसांची जीप आणि वार्ताहर दोघंही त्यानंतर पोचले. पेपरात फोटो आला तो असा: आम्ही फलाटावर शहाण्यासारखे उभे आणि मागे रिकामे रूळ. गुन्हा दाखल झाला तो ‘अनोळखी चाळीस जणांवर’. मी मैत्रिणीला म्हणाले, “बघ, उगंच भ्यालीस.”

पाचव्या दिवशी तिचा फोन आला. आवाज कसातरीच. “आपला फोटो फिरायलाय म्हण. रुळावर बसलेला. रेल्वेच्या लोकांकडं गेलाय.”

मी सायकल काढून सरांच्या घरी. ते वरच्या खोलीत सिग्नलला रंग देत होते.

“फोटो कुणाला पाठवला?”

“आमच्या ग्रुपवर. देशभरचे इंजिनवाले हायत. एकजण कोइमतूरचा हाय, तो म्हणला असा धूर त्यानं धा वर्षांत बघितला न्हाई.”

“सर, त्यात पोरगी हाय ओ! तिची नोकरी जाईल!”

“फोटोत इंजिन हाय.”

“आमी समोर बसलो व्हतो!”

“ते आडवे आलाव, खरंय.” त्यांनी ब्रश बाजूला ठेवला. “लय झकास आलाय पर. बघ एकदा.”

“मला बघायचाच न्हाई!” मी ओरडले. मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. तुम्हाला माणसं दिसतच नाहीत, लोखंड पूजता, असली मास्तरकी काय कामाची, असं बरंच. काकू खालून वर आल्या आणि दारातच थांबल्या. सर एवढंच म्हणाले, “उद्या परभणीला बोलावलंय मला. कॅमेरा घेऊन. येतीस का?”

मैत्रिणीला मी हे सांगितलं तेव्हा ती रडली नाही. ती म्हणाली, “घरी अजून सांगितलं न्हाई मी. वडलांनी सगळ्या गावाला पोरगी तलाठी झाली म्हणून सांगून ठेवलंय.” आणि फोन ठेवला. रात्र कशी गेली ते माझं मला माहीत.

परभणीला रेल्वे पोलिसांच्या कचेरीत जाताना मी सरांना बजावलं, पुतणी आहे म्हणून सांगा. आत गेल्याबरोबर सर म्हणाले, “नमस्कार साहेब. ही माझी विद्यार्थिनी. चित्रकलेत कच्ची.”

साहेबांनी फाइल उघडली. त्यात तो फोटो, पानभर मोठा छापलेला. तेव्हा मी तो पहिल्यांदा बघितला.

इंजिन लख्ख. गंजाचा एकेक पोपडा दिसावा असं. नंबर ठसठशीत. दिव्याच्या काचेवर एक मेलेली माशी, तिचे पायसुद्धा. आणि त्याच्यापुढं, फोटोच्या खालच्या भागात, आम्ही. आम्ही म्हणजे रंगाचे डाग. पाण्यात शाई सांडावी तसे. घोषणा देणारी माझी मूठ, जिच्याबद्दल मला फार अभिमान होता, ती म्हणजे एक तपकिरी ढेकूळ.

“हे कोण हायत?” साहेब म्हणाले.

“माणसं,” सर म्हणाले.

“ते मलाबी कळायलंय. नावं?”

“नावं मला काय माहीत साहेब? माझा फोकस इंजिनावर व्हता. मागं फोकस धरला की पुढचं फुटतंय. इंजिनाचा नंबर सांगू का?”

“तो दिसायलाय मास्तर.”

साहेबांनी कॅमेरा घेतला आणि एकेक फोटो पुढं सरकवायला लागले. बफर. जोडणी. पायरी. धूर. पुन्हा बफर. साहेब बेजार झाले. मग एका चाकाच्या फोटोवर ते थांबले. चाकाच्या कडेला, कोपऱ्यात, एक पाऊल. तेवढं मात्र चाकाला टेकून असल्यामुळं स्पष्ट आलेलं. निळ्या पट्ट्याची चप्पल, अंगठ्याजवळ काळ्या दोऱ्यानं शिवलेली.

साहेबांनी ते मोठं करून बघितलं. मग सावकाश टेबलाखाली बघितलं.

मी पाय खुर्चीखाली ओढले, पण उशीर झाला होता. चप्पल तीच होती. माझ्याकडे दुसरी नाहीच. पत्रकांत मी ‘अटक झाली तरी बेहत्तर’ असं दोन वेळा लिहिलेलं आहे. त्या क्षणी बेहत्तर वगैरे काही वाटलं नाही. माझं नाव निघालं की रुळावर माझ्या शेजारी बसलेलीचं निघणार, हे पहिल्यांदा नीट कळलं.

पंखा कुरकुरत होता. साहेबांनी कॅमेरा बंद केला आणि सरांच्या हातात दिला.

“बाई,” ते मला म्हणाले, “परभणीत चपला चांगल्या मिळतात. जाताना नवी घ्या.”

त्यांनी फाइलवर काहीतरी लिहिलं, फोटोची घडी घालून आत ठेवला आणि आम्हाला जायला सांगितलं. आम्ही बाहेर आलो. सर संतापानं लाल. मला वाटलं, माझ्या चपलेवरून. ते म्हणाले, “घडी बघितलीस का कुठून घातली? बरोबर इंजिनावरून!”

थांबा अजून मिळालेला नाही. एक्सप्रेसला आता विजेचं इंजिन लागतं, आधीपेक्षा वेगात जाते, म्हणजे प्रगती झाली. चौथं पत्रक लिहिते आहे. मैत्रिणीची पडताळणी मात्र स्वच्छ आली आणि पाथरीकडं तिची नेमणूक झाली. पत्र हातात पडलं त्याच दिवशी ती पेढे घेऊन मला ओढत सरांकडे गेली. वरच्या खोलीत आता तो फोटो भिंतीवर आहे, काचेच्या फ्रेममध्ये. ती बराच वेळ बघत राहिली.

“सर, मी कुठंय ह्यात?”

सर उठले. एका पिवळ्या डागावर बोट ठेवलं. “ही तू. आन ही तुझ्या बाजूची, तोंड उघडं टाकलेली.” म्हणजे मी. मग बोट पुढं सरकलं. पानवाला. त्याचा भाऊ. अंगणवाडीच्या बाई. दहावीला दोनदा बसलेला. एकेका डागावर बोट ठेवत त्यांनी वर्गातली हजेरी घ्यावी तशी चाळीसच्या चाळीस माणसं सांगितली. एक चुकला नाही.

मी म्हणाले, “मग साहेबाला माहीत न्हाई म्हणलाव ते?”

सरांनी पेढा तोंडात टाकला आणि प्लायवूडकडे बघितलं.

“पुडा उचल,” ते म्हणाले. “यार्डात ठेवलायस.”