झांजिबारहून आलेला रिक्षावाला

म्हसळा-श्रीवर्धन रस्त्यावरील समस्त प्रवाशांस कळविण्यास अत्यंत खेद होतो की, गेली वीस वर्षं मी भूषवलेलं गप्पांचं सिंहासन एका रिक्षावाल्याने बळकावलं आहे.

हा भाई बरीच वर्षं झांजिबार बेटावर गाडी चालवून परतला. तिथली तांबडी माकडं जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. ती कोळसा खातात म्हणे! एवढा माल मी वर्षभर पुरवला असता. हा दोन वाक्यांत संपवतो, तरी लोक आ वासून ऐकतात.

"रस्ता जंगलातून जायचा. माझ्याही चाकाखाली एक आलं. मग गतिरोधक घातले, तेव्हा कमी मरू लागली." एवढं बोलून तो गप्प होतो, आणि लोक ती शांतताही ऐकतात. जळतो मी!

इथेही दोन्ही बाजूंची झाडं रस्त्यावर एकमेकांना भिडली की, माकडं आडवी येतील म्हणून तो पहिला गिअर टाकतो. परवा त्याच्या रिक्षात मी माझी हुकमी गोष्ट रंगवत होतो. बिबट्या विहिरीत, मी काठावर, हातातला दोर निसटतोय... आणि रिक्षा थांबली. समोरून वानरांची टोळी निघाली होती. सगळी गेली, तरी हा हलेना.

"चला की, भाई!"

"सब्र करा, दादा. एक पोर मागं हाय."

सगळे प्रवासी माना बाहेर काढून त्या पोराची वाट बघू लागले. एक आजी तर "ये रे बाळा" म्हणाली. शेवटी ते टुणकन पलीकडे गेलं, रिक्षात टाळ्या वाजल्या, आणि मी ओरडलो, "अरे, माझा बिबट्या अजून विहिरीतच हाय!"