बाबांच्या वाटेतला उंबरा

मंडळी, आज सकाळी आमच्या आर्किटेक्टबाई आणि कॉन्ट्रॅक्टर पहिल्यांदा समोरासमोर आले. काम सुरू होऊन महिना झाल्यावर.

बाबांना अर्धांगवायू झालाय. परवा ते दवाखान्यातून चाकाच्या खुर्चीत घरी येतील. घराचं काम त्यासाठीच काढलं. आणि कॉन्ट्रॅक्टरनं पुढच्या दाराला चार इंच उंच सागवानी उंबरा बसवलाय. गेल्या आठवड्यात आईनं त्याची पूजासुद्धा केली.

"नकाशात उंबरा नाहीच," आर्किटेक्टबाई म्हणाल्या.

"मला वाटलं, तुम्ही दाखवायला इसरलासा. बिनउंबऱ्याचं घर असतंय व्हय? म्हणून मीच घातला. आभार माना की!"

"एक फोन करायचा होता."

"तुम्ही एकदा साइटवर यायचं हुतं."

मी दोघांकडे बघत उभा. नकाशा मीच कॉन्ट्रॅक्टरला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता, एक शब्दही न लिहिता. पूजेचे फोटोही मीच काढले. खुर्ची इथं अडेल, हे तेव्हा मलाही कळलं नाही.

"कापायला लागेल," बाई म्हणाल्या.

"पूजलेल्या लाकडाला मी करवत लावणार न्हाई."

आई आतून आली, कॉन्ट्रॅक्टरकडे वळली. "मग ह्यास्नी रोज उचलून आत कोण घेणार? तू?"



आईनं उंबऱ्यावरची वाळकी फुलं उचलली, पदरात घेतली. "काप," म्हणाली.

आज मला त्या दोघांचा राग आला. स्वतःचा जास्त. तुमच्याकडे काम निघालं तेव्हा पहिली वीट हलायच्या आधी या दोघांना एका सतरंजीवर बसवलं होतंत का?