सुगतच्या दगडावर

डोळे मिटले तरी उजेड जात नाही. मोटेलच्या खिडकीचा पडदा पातळ आहे आणि बाहेर साचलेल्या बर्फावरून परतणारा दुपारचा पांढरा उजेड त्यातून गाळला जाऊन खोलीत येतो. भिंतीलगतचा हीटर तापताना टकटक करतो, थांबतो, पुन्हा करतो. माझी पत्नी विशाखा शेजारच्या पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसली आहे. झोपायचे नाही असे ठरवूनच मी आडवा झालो आहे, कारण चार वाजता सैनिकी दफनभूमीच्या कार्यालयातून फोन येणार आहे आणि तेव्हा आम्हाला एकाच प्रश्नाचे उत्तर द्यायचे आहे. उद्या आमच्या मुलाला ज्या जमिनीत ठेवतील, तिथल्या दगडावर त्याच्या नावाच्या वर कोणते चिन्ह कोरायचे?

इथे अमेरिकेत सैनिकाचा दगड सरकार देते आणि देताना मृताचा धर्म विचारते. क्रूस, चंद्रकोर, सहा टोकांची चांदणी, ओम, धम्मचक्र, यांपैकी जे सांगाल ते. काहीच सांगितले नाही तर जागा कोरी राहते. कार्यालयातल्या बाई हे सारे अतिशय सौजन्याने म्हणाल्या.

सुगत चोवीस वर्षांचा होता. गेल्या आठवड्यात सरावाच्या वेळी ट्रक उलटला.

आम्ही मेश्राम. माझे वडील डोमाजी भंडाऱ्याकडच्या एका खेड्यात मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, शेतावर राबत असत. छप्पन्न साली ते नागपूरला गेले आणि बौद्ध होऊन परतले. तेव्हापासून आमच्या घरात असल्या प्रश्नाचे उत्तर कोणाला शोधावे लागले नाही. पण आज सकाळी सुगतच्या तुकडीचे धर्मोपदेशक, एक मृदू, वयस्कर गृहस्थ, आम्हाला भेटायला आले आणि म्हणाले की गेल्या ईस्टरला सुगतने त्यांच्या हातून बाप्तिस्मा घेतला होता. घरी तो स्वतः सांगणार होता. विशाखाने त्यांच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. गाडीत बसल्यावर ती मला म्हणाली, “सांगून ठेवते, चक्रच येईल. पोरगा माझा आहे, त्या पाद्र्याचा नाही.”

मी हो म्हणालो. मलाही चक्रच हवे आहे.

हीटर टकटक करतो. उजेड पापण्यांवर दाबल्यासारखा होतो. टकटक आता धातूची आहे, छिन्नीची आहे, आणि ती भिंतीपलीकडून येते. दगडावर कोणी काम करीत आहे. इतक्या लवकर कसे, अजून तर फोनही आला नाही, असे म्हणत मी उठतो आणि मधले दार उघडतो.

दारापलीकडे शाळेचा हॉल आहे. बुटक्या, रंगीत खुर्च्यांच्या रांगा आहेत आणि त्यांतल्या एका खुर्चीवर गणवेशातला सुगत बसला आहे. खुर्ची इतकी लहान की त्याचे गुडघे छातीला टेकतात.

“उशीर केलात,” तो म्हणतो. “उभे राहा. झेंडा येतोय.”

भोवती अचानक मुले आहेत. सगळ्यांचे हात छातीवर आहेत. ती एका सुरात प्रतिज्ञा म्हणू लागतात, हा एक देश आहे, अखंड आहे, सर्वांना न्याय देणारा आहे. मध्ये ईश्वराच्या अधीन असल्याचे दोन शब्द येतात. सुगत सगळ्यांबरोबर म्हणतो आहे, पण त्या दोन शब्दांपुरते त्याचे ओठ मिटतात आणि नंतर उघडतात.

“सवय जात नाही,” तो म्हणतो. “तुम्हीच शिकवलं होतं. तेवढे दोन शब्द गाळ, बाकी सगळं म्हण.”

“बरोबरच शिकवलं होतं. आपण देव मानत नाही, आणि इथे कोणावर मानायची सक्ती नाही. या देशाच्या राज्यघटनेत देवाला जागा दिलेली नाही, सुगत. म्हणून तर मी इथे आलो.”

“घटना तुम्ही वाचलीत, बाबा. शाळेत मी गेलो.”

जिवंतपणी त्याचे मराठी अडखळत असे. वाक्याच्या मध्येच तो इंग्रजीत उतरायचा. इथे त्याला एकही शब्द शोधावा लागत नाही. मला त्याचा आनंद व्हायला हवा, पण मी घाबरतो.

“पहिलीतल्या पोरानं तोंड मिटलं की शेजारचा बघतो,” तो सांगतो. “मग त्याच्या पलीकडचा. ब्रँडन म्हणून एक होता. म्हणायचा, तू खरा अमेरिकन नाहीस का? मी म्हणायचो, आहे. तो म्हणायचा, मग म्हण की.”

“आणि तू म्हटलंस?”

“नाही. शाळा संपेपर्यंत नाही.” तो हसतो. “मेश्राम ना आपण. आडमुठे.”

मीही हसतो, आणि त्याच क्षणी छिन्नीचा आवाज जवळ येतो. मुले नाहीत. हॉलची लाकडी जमीन पायांखाली शेणाने सारवलेली झाली आहे आणि समोर मालगुजाराच्या वाड्याची पडवी आहे. ती मी कधी पाहिलेली नाही, तरी ओळखतो. वडिलांनी सांगितलेल्या गोष्टीतला झोपाळा तिथे टांगलेला आहे. त्यावर कोणी नाही, पण तो हलतो आहे.

ती गोष्ट अशी. वडील नागपूरहून परतल्यावर मालगुजाराने त्यांना बोलावून घेतले आणि झोपाळ्यावरून विचारले, “काय रे डोमा, बुद्ध कोण होता हे तरी ठाऊक आहे काय तुले? का लोक गेले म्हणून तू गेला?” वडील अंगणात उभे होते. म्हणाले, “ठाऊक नाही. करून घेईन.” “मग गेला काहून?” वडील म्हणाले, “माझ्या पायानं गेलो.” बोलताना ‘मालक’ म्हणायचे त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदाच टाळले. ही गोष्ट मी सुगतला इतक्या वेळा सांगितली की तो ती झोपेत म्हणू शकला असता.

आता तो अंगणात उभा आहे, बरोबर त्या जागी. मी पडवीत आहे. आम्ही असे का उभे आहोत हे मला कळत नाही, आणि वेळ थोडा आहे. जे विचारायचे ते विचारून घेतले पाहिजे.

“खरं सांग,” मी म्हणतो. “तुला ख्रिस्त हवा होता का अमेरिका?”

माझा आवाज मोठा येतो. अंगणभर जातो आणि परत येतो.

“वेगळे करून द्या मला,” सुगत म्हणतो. “तुम्ही शिकलेले आहात. नाण्यावर देव, शपथेत देव, मॅचच्या आधी ग्राउंडवर गुडघे टेकून देव. निवडून आलेला माणूस भाषण करतो आणि देवाचं नाव घेऊन खाली उतरतो. शिवण कुठे आहे ते दाखवा. मी उसवतो.”

“म्हणजे तू आत शिरायला दार शोधत होतास.”

“आजोबा काय शोधत होते?”

“ते वेगळं आहे.”

“काहून?”

हा शब्द त्याने आयुष्यात कधी उच्चारला नव्हता. तो माझ्या वडिलांच्या बोलीतला आहे, त्यांच्याच सुरात आला आहे. माझ्याजवळ उत्तर आहे. विहीर आहे, वेस आहे, पिढ्यान्‌पिढ्या खाली घातलेल्या माना आहेत. सुगतने यातले काही सोसलेले नाही. हे सगळे खरे आहे आणि मी ते बोलू लागतो. छिन्नीचा प्रत्येक घाव माझे शब्द मध्येच तोडतो.

“आजोबांना बुद्ध हवा होता, का माणूस म्हणून जगायचं होतं?” तो विचारतो. “करा वेगळं.”

“सुगत, चार वाजत आलेत.”

“माहीत आहे. मला काम आहे. या.”

तो वळतो आणि मी त्याच्या मागे पडवी उतरतो, पण जिथे उतरतो ते अंगण नाही. छावणीतली लांबलचक खोली आहे. दोन्ही बाजूंना नीट आवरलेल्या खाटा आहेत. सगळे रिकामे आहे, रविवार आहे. दूर कुठे तरी पुरुषांचे आवाज गात आहेत. खोलीच्या टोकाला, आमच्याकडे पाठ करून, एक माणूस पांढरा दगड मांडीशी घेऊन बसला आहे. दगडावर नाव नाही, चिन्ह नाही. तरीही तो घाव घालतोच आहे.

सुगतने बाही दुमडून बादली घेतली आहे. तो गुडघ्यांवर बसून फरशी घासतो.

“रविवारी प्रार्थनेला जाणारे जातात,” तो म्हणतो. “उरलेल्यांना झाडू आणि बादली. सक्ती नाही हं, सोयीचा प्रश्न आहे.”

“बौद्धांसाठी काही नव्हतं?”

“होतं की! एक खोली होती. मी आणि टेक्ससचा एक गोरा. तो झोपायला यायचा. घोरायचा, बाबा. मी एकटा त्रिशरण म्हणायचो आणि तो साथ द्यायचा.”

“चेष्टा करू नकोस.” पण मला हसू आवरत नाही, आणि हसू आवरत नाही याचाच राग येतो. “म्हणून तिकडे गेलास? फरशी चुकवायला?”

“सुरुवातीला, हो. शिवाय तिथे बिस्किटं मिळायची.”

“बिस्किटं!”

“चॉकलेटची. नंतर ती बंद झाली.” तो फडके पिळतो. पाणी बादलीत पडते आणि त्याचा आवाज होत नाही. “तरी मी बसून राहिलो.”

“का?”

तो मान वर करतो. चेहरा त्याचाच आहे, दाढी करताना हनुवटीवर राहून जाणारे दोन केससुद्धा तिथेच आहेत. मग तो माझ्या पायांकडे पाहतो.

“वहाणा काढा, बाबा. फरशी ओली आहे.”

मी खाली पाहतो. माझ्या पायांत जाड तळव्याच्या, तेल पाजलेल्या, करकर वाजणाऱ्या वहाणा आहेत. त्या माझ्या नाहीत, मालगुजाराच्या आहेत. ती करकर वडील जिभेने काढून दाखवीत, ती ऐकू आली की गल्लीतली माणसे बाजूला होत. मी त्या घालून या खोलीभर फिरलो आहे. माझ्यामागे घासलेल्या फरशीवर मातीचे ठसे उमटले आहेत, आणि प्रत्येक ठशापाशी मी त्याला काहीतरी विचारलेले आहे.

वहाणा निघत नाहीत. मी ओढतो, बोटे सुजल्यासारखी होतात. छिन्नीवाला थांबतो आणि मान न वळवता विचारतो, “काय कोरू?”

“तू सांग,” मी सुगतला म्हणतो. “पटकन सांग.”

“मी मेलोय, बाबा. बाई तुम्हाला फोन करणार आहेत.”

“काय कोरू?” तो माणूस पुन्हा विचारतो.

एक वहाण निघते. मग दुसरी. मी त्या खाटेखाली ढकलतो आणि सुगतच्या शेजारी गुडघे टेकतो. फरशी थंड आणि खडबडीत आहे. तो मला फडक्याचे दुसरे टोक देतो आणि आम्ही दोघे माझे ठसे पुसू लागतो. त्याच्या कोपराचा माझ्या कोपराला धक्का लागतो, आणि प्रत्येक वेळी मला वाटते, हा शेवटचा असेल.

“आई ऐकणार नाही,” मी म्हणतो.

“पाद्र्यांनी मला विचारलं होतं, बाप्तिस्म्याला नवं नाव घेतोस का. माझ्याबरोबरच्या एकानं घेतलं.” तो फडके पुढे सरकवतो. “मी म्हटलं, नको. आहे तेच राहू दे.”

सुगत हे बुद्धाचे नाव आहे. विशाखाने ठेवले होते.

“मन दुखावलं तुमचं?” तो विचारतो.

“हो.”

“खूप?”

“हो.”

“बरं,” तो म्हणतो, आणि पुसत राहतो. दूरचे गाणे संपते. बुटांचे आवाज येऊ लागतात, खूप माणसे एकदम परत येत आहेत. मी त्याचा हात धरायला जातो आणि माझ्या मुठीत ओले फडके येते, मग चादरीचे टोक.

“अहो. अहो, हे काय? उठा.”

खोलीतला उजेड पिवळा झाला आहे. मी पलंगाशेजारी, जमिनीवर, गुडघ्यांवर आहे. कपाळ गादीच्या कडेला टेकलेले, चादर मुठीत. विशाखा माझ्यासमोर उभी आहे. फोन तिने छातीशी उलटा धरला आहे, पलीकडच्या बाईंना ऐकू जाऊ नये म्हणून.

“त्या थांबल्या आहेत,” ती हळू म्हणते. “काय सांगू?”

“क्रूस.”

ती फोन छातीशी आणखी दाबते.

“झोपेत आहात तुम्ही.”

“नाही. तो स्वतःच्या पायानं गेला, विशाखा. कोणी नेलं नाही त्याला. आपणच त्याला हे शिकवलं.”

“आणि आपलं काय राहील त्या दगडावर?”

“नाव,” मी म्हणतो. “तू ठेवलेलं. क्रूसाखाली सुगतच कोरतील ना ते.”

फोनमधून त्या बाईंचा बारीक आवाज येतो, सावकाश सांगा, घाई नाही, असे काहीतरी. विशाखा फोन माझ्यापुढे धरते.

“तुम्ही सांगा. माझ्या तोंडून निघणार नाही.”

मी सांगतो. बाई विचारतात, नक्की ना? मी नक्की म्हणतो. त्या नावाचे स्पेलिंग एकेक अक्षर वाचून दाखवतात, आणि विशाखा, जी ऐकत नाही असे मला वाटत होते, प्रत्येक अक्षराला मान हलवते.

फोन ठेवल्यावर मी उठायला जातो, पण पायांना मुंग्या आल्या आहेत. ती मला काखेत हात घालून पलंगावर बसवते आणि पायजमा वर सरकवून पाहते. दोन्ही गुडघ्यांवर जाजमाची वीण उमटली आहे, खोल, चौकडीचौकडीची, लाल.

“किती वेळ होतात असे?” ती विचारते.

ती शेजारी बसते आणि अंगठ्याने ती खूण चोळू लागते. चोळते, थांबते, अंगठा उचलून बघते. खूण अजून तिथे असते.