साबणाला दिलेलं तेल

भूकंपानंतर चाकूरकडच्या आमच्या घराच्या भिंतींवर माझा भरवसाच राहिला नव्हता, त्यात पोरीच्या बारावीचं निमित्त झालं. मालकांना शेतावर ठेवून मी तिला घेऊन लातुरात आले, दोन खोल्या घेतल्या आणि क्लासच्या पोरींचे डबे करू लागले. माझ्या डब्यांची ऐट काय सांगू! तळणीचं तेल एकदा वापरलं की पुन्हा कढईत न्हाई. "पोरींच्या पोटाशी खेळ नको," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची.

उरलेलं तेल मात्र बिनदिक्कत मोरीत ओतायची. एक दिवस नाली तुंबली आणि घरमालकीण खाला कमरेवर हात ठेवून दारात उभ्या राहिल्या. "बेटी, थंड करून राखेत कालव, पुडकं बांध, कचऱ्यात टाक. एवढं काय अवघड हाय?" मी हाव म्हटलं. पण एवढं चांगलं तेल राखेत घालायला माझा जीव धजेना.

तेवढ्यात सायकलला डबे अडकवून एक जण आला. साबणाच्या कारखान्याला तेल पुरवतो म्हणाला, आणि डबाभर तेलाच्या बदल्यात धुण्याच्या साबणाच्या दोन वड्या काढून दिल्या. साबणच हातात पडल्यावर शंका कशाला घ्यायची? दर आठवड्याला त्याला तेल देऊ लागले. मी वड्या मिरवत खालांना दाखवून आले. त्या नुसतं "अच्छा" म्हणाल्या.

फिजिक्सच्या पेपरच्या आदल्या दिवशी पोरीला उलट्या सुरू झाल्या. खोदून विचारल्यावर कबूल झाली. क्लास सुटला की रोज कोपऱ्यावरच्या गाड्यावर भजे! माझं टकुरंच फिरलं. भजेवाल्याला फैलावर घ्यायला तणतणत गेले. कढईत तेल ओतणारा माणूस मला बघून ओळखीचं हसला. "ताई, ह्या आठवड्याला तेल लई कमी दिलंत हो."

साबणवालाच की तो! भांडायला आलेली मी, आल्या पावली मागं फिरले. परत येताना खालांकडून घमेलंभर राख मागितली आणि घरातलं उरलेलं तेल तिच्यात कालवलं. पुडकं बांधायला सुतळी त्यांनी न मागताच दिली.

दुसऱ्या दिवशी पोर पेपर अर्धा टाकून बाहेर आली. पांढरीफटक. फाटकाशी मी लिंबूपाणी घेऊन उभी होते. माझा हात धरून म्हणाली, "आई, माझंच चुकलं बघ. तू रोज चांगल्या तेलातलं करून घालतीस, आन् मी बाहेरचं खात बसले."

लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं पुढं काही बोलू नये म्हणून मी घाईनं पेला तिच्या तोंडाला लावला.