टीव्हीवर चादर टाकून

माझ्या नवऱ्याला दोन गोष्टी सांगितलेल्या चालत नाहीत. तो घोरतो ही एक, आणि त्याला कमी ऐकू येतं ही दुसरी. पहिलीला मी आणि सासूबाई साक्षीदार आहोत. दुसरी मात्र कंपनीच्या डॉक्टरांनी कागदावर लिहून दिली. चिंचवडच्या, पत्रे ठोकून आकार देणाऱ्या प्रेस शॉपमध्ये वीस वर्षं धाडधाड ऐकल्यावर वार्षिक तपासणीत निघालं, की वरच्या पट्टीतले बारीक आवाज त्याच्या कानांपर्यंत पुरते पोचत नाहीत. त्याने तो कागद कपाटात शर्टांच्या खाली सारला आणि महिन्याभरात नव्या होम थिएटरचा विषय काढला.

चऱ्होलीच्या आमच्या फ्लॅटमध्ये होम थिएटर होतंच. पाच स्पीकर आणि कोपऱ्यात एक दणदण करणारा डबा, ज्याच्यावर सासूबाई पोथी ठेवतात. सिनेमे आम्ही ॲपवर बघायचो. नवऱ्याचं म्हणणं असं, की ॲपवरून येणारा आवाज दाबून, गाळून पाठवलेला असतो. डिस्कवरचा लॉसलेस आवाज म्हणजे स्टुडिओत केला तसाच्या तसा, एक कण कमी नाही. त्यासाठी डिस्क प्लेअर हवा आणि तो आवाज पेलून स्पीकरांना वाटून देणारा नवा रिसिव्हर हवा. दुकानात आपण फरक डोळे मिटून ओळखला, असं तो दोनदा बोलून गेला. दुकानदार बटण दाबायच्या आधी "आता ऐका साहेब" म्हणतो, मग कोण ओळखणार नाही, असं मी म्हटलं. त्यावर साहेब दोन दिवस फुगून बसले.

तो कशासाठी अडून बसलाय हे मला कळत होतं. रिसिव्हर हे निमित्त होतं. बारीकसारीक फरक आपल्याला अजून ऐकू येतो, हे त्याला डॉक्टरांना, मला आणि सगळ्यात आधी स्वतःला दाखवून द्यायचं होतं. म्हणूनच मला नुसतं "घे बाबा" म्हणवेना. तसं म्हटलं असतं तर वस्तू घरात आली असती आणि शंका तिथेच राहिली असती.

मी चाकणला गिअरबॉक्सच्या कंपनीत क्वालिटी बघते. आमच्याकडे एक रीत आहे. मोजमाप मानण्याआधी साधनाची आणि मोजणाऱ्या माणसाचीच परीक्षा घ्यायची. तेच दहा पार्ट, नंबर झाकून, क्रम उलटापालटा करून, वेगवेगळ्या माणसांकडून मोजून घ्यायचे. त्याच पार्टला आता पास आणि घटकाभराने फेल म्हणणाऱ्याचं माप आम्ही धरत नाही. मग तो साहेब असो नाहीतर शिकाऊ. मी म्हटलं, हेच घरी करू. नवरा लगेच तयार झाला. दुकानदाराने ओळखीखातर शनिवार-रविवारपुरतं सामान दिलं.

रविवारी जेवणं उरकल्यावर आम्ही मांडामांड केली. ॲपवर आणि डिस्कवर दोन्हीकडे असलेल्या एका सिनेमातला लग्नाचा एक मिनिटाचा प्रसंग निवडला, त्यात टाळ्या, बांगड्या, मागे सनई. रिमोट सासूबाईंच्या हातात, आणि क्रमाची चिठ्ठीही त्यांनीच लिहिलेली, आम्हा दोघांना न दाखवता. चिठ्ठीत एक असेल तर ॲप लावायचं, दोन असेल तर डिस्क. ॲप लावलंय की डिस्क ते पडद्यावर उमटतं म्हणून टीव्हीवर पलंगाची चादर टाकली.

"टीव्ही झाकून पिच्चर बघायलेत. शिकलेली माणसं," सासूबाई म्हणाल्या. त्यांना लातूर सोडून तीस वर्षं झाली, पण बोली त्यांनी सोडलेली नाही. मी नवऱ्याला अरे-तुरे करते तेही त्यांना अजून पटलेलं नाही. आम्ही एकाच कंपनीत ट्रेनी होतो, त्याला मी तरी काय करणार.

पहिल्या फेरीत नवऱ्याने दहापैकी दहा ओळखले. तो उठून चक्क नाचला. सासूबाईंच्या हातातला रिमोट घेऊन त्याने त्यांनाही एक गिरकी घ्यायला लावली. मलाही आनंद झाला, खोटं कशाला सांगू. पण आमच्या धंद्यात दहापैकी दहा आले की आधी संशय येतो. मी फोनमधल्या आवाज मोजायच्या ॲपने दोन्ही तपासले. डिस्कचा आवाज थोडा मोठा होता, एवढंच. मोठा तो चांगला, असं कुणालाही वाटतं. तपासताना आणखी एक गोष्ट सापडली. मागचा डावा स्पीकर धूळ पुसताना कुणीतरी भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. सासूबाई छताकडे बघू लागल्या. तो सरळ केल्यावर अख्खी खोली भरल्यासारखी झाली, आणि त्याला पैसा लागला नाही.

दोन्ही आवाज सारखे केले आणि नव्या चिठ्ठीने दुसरी फेरी घेतली. या वेळी तो थांबून थांबून उत्तरं देत होता. मान तिरकी करून, उजवा कान पुढे काढून. सासूबाईंनी मोजलं. दहापैकी पाच. नाणं उडवलं असतं तरी तेवढेच आले असते.

तो मागे टेकला. चादरीकडे बघत राहिला. मला फार वाईट वाटलं. कशाला ही क्वालिटी घरात आणली, असं झालं. आणि माझ्या मुठीत दुसराच कागद होता. नियमाप्रमाणे दुसरा मोजणारा हवा म्हणून मीही शेजारी बसून उत्तरं लिहिली होती. मला सिनेमाचं फारसं वेड नाही, रिसिव्हरचं तर मुळीच नाही. पण ॲपवर त्या टाळ्या एकमेकींना चिकटायच्या आणि डिस्कवर सुट्या व्हायच्या, शिजलेल्या भाताची शितं मोकळी व्हावीत तशा. एकदा कळल्यावर मला दर वेळी कळलं. मी कागदाची घडी घालून मुठीत धरली होती.

"तुझा कागद दाव की," सासूबाई म्हणाल्या.

मी तो चुरगाळू शकले असते. चुकीचे आकडे सांगितले असते तरी कुणाला कळणार नव्हतं. पण नोकरीत खोटं रीडिंग लिहिणाऱ्यांवर मी आजवर इतकी ओरडले आहे की हात धजला नाही. कागद दिला. सासूबाईंनी चिठ्ठीशी ताडून पाहिला. "हिचे दहाच्या दहा हायत."

नवरा माझ्याकडे वळला. "परत मोठा होता का आवाज?"

"नाही. मोजून सारखा केलाय."

"म्हणजे फरक आहे."

"आहे. फार नाही, पण आहे."

"मी म्हणत होतो का नव्हतो?" तो हसायला लागला, आणि ते हसणं उसनं नव्हतं. सासूबाईही हसल्या. फरक त्याला ऐकू आला नव्हता, पण त्याचं म्हणणं खरं ठरलं होतं, आणि तेवढ्यावर गडी खूश. कुठे, कसा, हे त्याने मला चारदा विचारलं. मी टाळ्यांचं सांगितलं, बांगड्यांचं सांगितलं. त्याने तो प्रसंग पुन्हा लावला, माझ्या शेजारी सरकून बसला, आणि जिथे बांगड्या वाजत होत्या तिथे मी त्याच्या गुडघ्यावर बोटाने टकटक केलं.

"येतंय का?" मी विचारलं.

"नाही," तो म्हणाला. डॉक्टरांचा कागद आल्यापासून त्याच्या तोंडून हे पहिल्यांदा ऐकत होते. आवाजात कुरकुर नव्हती.

आता सामान परत करावं लागणार, असं धरून मी वायरी काढायला उठले. मला खरंच वाटत होतं की प्रश्न मिटला. कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, आधी स्पीकर सरळ ठेवा, आवाज सारखे करा, मग पुढचं बघा.

"वायर कशाला काढतेस?" तो म्हणाला.

"तुला ऐकू येत नाही म्हणालास ना आत्ता."

"म्हणून तर हवं. माझ्याकडे आधीच निम्मं पोचतंय, त्यात मशीनने अजून गाळून कशाला पाठवायचं? त्याने तरी सगळं पाठवावं. पुढे माझ्या कानात काय सांडायचं ते सांडू दे. सांडलेलं सांगायला तू आहेसच."

मी वायर परत लावली. सासूबाईंनी टीव्हीवरची चादर काढली आणि म्हणाल्या, "लाव आता पहिल्यापासून."